दुसऱ्याच्या हातची मोटार

घोड्याचें वय दांतांवरून ओळखावें, हा जुन्या सौदागरांचा पहिला धडा होय. तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत आजहि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें जाणतें गिऱ्हाईक प्रथम जनावराचा जबडा उघडून पाहतें, मग खूर उचलून पाहतें, मग त्यास चालवून व पळवून पाहतें. आणि शुभ समजला जाणारा देवमणाचा भोंवरा आहे कीं नाहीं, याचीहि चौकशी करतें. विकणाराचें बोलणें तें ऐकून घेतें, पण त्यावर व्यवहार ठरवीत नाहीं. जनावराच्या वाईट संवयीस आणि माणसाच्या वाईट संवयीस मराठींत एकच शब्द आहे, तो म्हणजे 'खोड'. मला या शब्दाची आठवण झाली ती मात्र घोड्यामुळें नव्हे, तर एका मोटारीमुळें; आणि त्या निमित्तानें जो थोडा इतिहास चाळावा लागला तो वाचकांपुढें ठेवावा, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी भाची घरीं आली. नोकरीस लागून तिला चार वर्षें झालीं आहेत. या चार वर्षांत शिल्लक टाकलेला पैसा आणि थोडें कर्ज यांच्या बळावर तिनें एक सहा वर्षांची जुनी मोटार घेण्याचें योजिलें होतें. गाडीच्या पाठीवर 'टर्बो' हीं अक्षरें चकाकत होतीं, असें ती मोठ्या कौतुकानें सांगत होती. "मामा, जुन्या कागदांवरून खरें काय नि खोटें काय, हें तुम्ही आयुष्यभर ठरवीत आलांत. मग ही गाडी पाहायला एकदां चला ना," असें ती म्हणाली. मी हंसलों, कारण बॉनेटखालच्या वस्तूंविषयीं माझें ज्ञान यथातथाच. पण रात्रीं विचार करतां वाटलें कीं, पोरीचें म्हणणें अगदींच पोरकट नाहीं. आमच्या गल्लींतील एका अनुभवी मिस्त्रींना बरोबर येण्याची विनंति केली, आणि तोंपर्यंत संवयीप्रमाणें मी त्या यंत्राचें पूर्ववृत्त शोधूं लागलों.

टर्बोचार्जर ही कल्पना मुळांत काटकसरीची आहे. इंजिनांत इंधन जळतें तें हवेच्या साहाय्यानें. जितकी हवा अधिक कोंडावी तितकें इंधन अधिक जाळतां येतें आणि तितकी शक्ति अधिक मिळते. उलटपक्षीं, जळून बाहेर पडणारा तप्त धूर पुष्कळ शक्ति फुकट घेऊन जात असतो. या जाणाऱ्या धुराच्या वाटेंत एक लहान पात्यांचें चाक बसवावें, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चाक जोडावें, आणि धुरानें पहिलें चाक फिरवलें म्हणजे दुसऱ्यानें ताजी हवा दाबून इंजिनांत घालावी, अशी ही युक्ति. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गांवीं जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें इ. स. १९०५ मध्यें या कल्पनेचें पेटंट घेतलें. परंतु कल्पना सुचणें आणि तिला सोसणारी धातु मिळणें यांत बरेंच अंतर असतें. ती व्यवहारांत उतरण्यास सुमारें वीस वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांत महायुद्ध आलें. विमान जसजसें उंच जाई तसतशी हवा विरळ होऊन त्याचें इंजिन धापा टाकूं लागे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनीं १९१८ मध्यें 'लिबर्टी' नांवाचें विमानाचें इंजिन कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या १४,१०९ फूट उंचीच्या शिखरावर नेऊन तेथें त्याची परीक्षा घेतली. खालीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर २३० वर घसरलें होतें; टर्बोचार्जर जोडतांच तें ३५६ देऊं लागलें. पुढें १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी नौकांच्या डीझेल इंजिनांस ब्यूखीची योजना लावण्यांत आली, तेव्हां १,७५० अश्वशक्तीचीं इंजिनें २,५०० पर्यंत गेलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नौकेवर काय, विमानदलांत काय, या यंत्राच्या उशाशीं एक जाणता मनुष्य सतत बसलेला असे. तेल केव्हां बदललें, उष्णता किती चढली, आवाज केव्हां पालटला, याची नोंद तो रोजच्या वहींत करी. यंत्र बदलतां आलें, पण त्याची वही चुकवतां येत नसे. हा पहारेकरी काढून घेऊन तेंच यंत्र गृहस्थाच्या दारांत उभें केलें म्हणजे काय होतें, याचें उत्तर १९६२ सालीं मिळालें.

त्या वर्षीं अमेरिकेंत दोन टर्बो मोटारी विक्रीस आल्या. त्यांपैकीं ओल्ड्समोबिल कंपनीच्या 'जेटफायर' गाडीची कथा मोठी बोधप्रद आहे. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनाची शक्ति २१५ अश्वशक्ति होती. पण इंजिनांत आधींच हवा फार दाबली जात असल्यामुळें, टर्बोनें आणखी दाबलेलें तापलेलें मिश्रण वेळेपूर्वींच पेट घेऊन इंजिनास ठोके बसण्याचा धोका होता. त्यावर कंपनीनें तोड काढली ती अशी: ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचें एक द्रव वेगळ्या टांकींत भरावें आणि ऐनवेळीं त्याचा फवारा मिश्रणांत सोडून तें थंड करावें. या द्रवाला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असें भारदस्त नांव दिलें होतें. टांकी रिकामी झाली तर इंजिनाचा नाश होऊं नये म्हणून हवेचा दाब आपोआप उतरवण्याचीहि सोय केली होती. सोय उत्तम, युक्ति उत्तम. फक्त टांकी भरण्याचें काम मालकाकडे होतें! पुष्कळ मालक तें विसरले, आणि मग गाडींत जोर नाहीं म्हणून तक्रार करूं लागले. दोन वर्षांत दहा हजारांहून कमीच गाड्या निघाल्या. आणि १९६५ मध्यें तर कंपनीनें मालकांच्या गाड्यांवरील टर्बो काढून साधी व्यवस्था बसवून देण्यास स्वखर्चानें आरंभ केला. यंत्र हरलें तें धातूमुळें नव्हे, तर संवयीमुळें.

त्यानंतर युरोपची पाळी आली. १९७३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनांत बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें आपली '२००२ टर्बो' गाडी मांडली. पुढच्या मोटारवाल्यास आपल्या आरशांत सुलट वाचतां यावीं म्हणून तिच्या तोंडावर नांवाचीं अक्षरें उलटीं काढण्याची कल्पना निघाली होती. पण त्याच वर्षीं तेलाची भीषण टंचाई आली आणि अवघ्या १,६७२ गाड्यांवर तें प्रकरण आटोपलें. १९७७ च्या जुलईंत सिल्व्हरस्टोनच्या शर्यतींत रेनो कंपनीनें पहिली टर्बो गाडी उतरवली. ती शर्यत पुरी करूं शकली नाहींच, उलट वारंवार धूर सोडण्याच्या खोडीमुळें 'पिवळी चहादाणी' हें टोपणनांव मात्र मिळवून बसली. दोनच वर्षांनीं, १९७९ मध्यें, तिच्याच वंशांतील गाडीनें दिजाँ येथें फ्रान्सची शर्यत जिंकली, हेंहि सांगितलें पाहिजे. मात्र गृहस्थी वापराच्या दृष्टीनें महत्त्वाची पायरी स्वीडनच्या साब कंपनीनें १९७७ मध्येंच चढून दाखवली. तिनें शर्यतीचा हव्यास सोडून, रोजच्या कमी वेगांतहि ओढ मिळेल असा लहान टर्बो आपल्या दोन लिटरच्या इंजिनास बसवला, आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं जादा धूर बाजूनें सोडून देणाऱ्या झडपेवर त्याचा लगाम ठेवला. दुसऱ्याच वर्षीं मर्सिडीज कंपनीची टर्बो डीझेल मोटार बाजारांत आली.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारांत हें यंत्र आलें तें बहुतांशीं डीझेलच्या वाटेनें. २००७ मध्यें मारुतीच्या 'स्विफ्ट' गाडीची डीझेल आवृत्ति निघाली. तिच्यांतील फियाटच्या वंशाचें १.३ लिटरचें टर्बो इंजिन पुढें अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून घरोघर पोंचलें, आणि पुण्याजवळील रांजणगांवच्या कारखान्यांतूनहि तें तयार होऊन बाहेर पडत असे. एप्रिल २०२० मध्यें धुराचे निर्बंध कडक झाल्यावर अनेक लहान गाड्यांतून डीझेल गेलें, आणि लहान पेट्रोल इंजिनांस टर्बो लावण्याची रीत वाढली. आज त्याच गाड्या दुसऱ्या हातीं जाण्यास निघाल्या आहेत. माझ्या भाचीनें पाहिलेली गाडी याच पिढींतील.

या यंत्रांत नाजूक तें काय, हें आतां पाहूं. टर्बोचा शाफ्ट मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका टोंकाशीं पेट्रोल इंजिनाच्या धुराची उष्णता नऊशें अंशांवर जाऊं शकते, आणि दुसऱ्या टोंकाशीं बाहेरची ताजी हवा असते. बहुतेक गाड्यांत हा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन झटकन् बंद केलें, कीं तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या चाकाची उष्णता आंत शिरते, आणि अडकलेलें तेल करपून त्याची खळ बनते. हें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे शाफ्ट झिजतो. नव्या गाड्यांत पाण्यानें थंड करण्याची योजना असल्यानें हा धोका बराच कमी झाला आहे. तथापि वेळेवर व योग्य प्रतीचें तेल घालण्याचें कर्तव्य कोणत्याहि योजनेनें टळलेलें नाहीं. घाटमाथ्यावर एक मिनिट इंजिन चालूं ठेवणें आणि तेलाची तारीख पाळणें, या गोष्टी कोणी पाहत नसतांना करावयाच्या असतात. घोड्याची खोड घोड्याच्या अंगची असते. या मोटारीची खोड बहुधा मालकाच्या अंगची असते. जो ही गाडी जुनी म्हणून घेतो, तो एका अपरिचित मनुष्याच्या संवयी विकत घेत असतो.

मग त्या संवयी सांगण्याचें बंधन विकणारावर आहे काय? हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन रोममध्यें बाजारावर देखरेख करणाऱ्या ईडाइल नांवाच्या अधिकाऱ्यांनीं असा जाहीरनामाच काढला होता कीं, गुलाम व जनावरें विकणारांनीं त्यांचे रोग व दोष उघड सांगितले पाहिजेत. इंग्रजी कायद्याचा कल मात्र 'घेणारानें डोळे उघडे ठेवावे' या तत्त्वाकडे राहिला, आणि तोच आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यांत उतरला. त्याच्या १७ व्या कलमाखालीं दिलेले दाखले वाचण्यासारखे आहेत. 'अ' यानें आपला घोडा सदोष आहे हें माहीत असून लिलांवांत 'ब' यास विकला व कांहीं बोलला नाहीं, तर ती लबाडी नव्हे. पण 'ब' ही 'अ' ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होय. आणि 'ब' यानें जर स्पष्ट म्हटलें कीं, 'तुम्ही नाहीं म्हणालां नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,' आणि 'अ' गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच धरलें जाईल. घोडे गेले, लिलांव गेले, पण हे तीन दाखले अजून कायद्यांत आहेत.

या मौनाचा बाजारावर काय परिणाम होतो, हें जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन दाखवलें. गाडी चांगली कीं वाईट हें विकणारास ठाऊक असतें, घेणारास नसतें. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊं करतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक विकण्यास नाखूष असतो, वाईट गाडीचा मालक आनंदानें तयार होतो. आणि हळूहळू बाजारांत वाईट तेवढेंच उरतें. हा निबंध आधीं अनेक मासिकांनीं साभार परत केला होता. पण २००१ मध्यें त्याच्या कर्त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. तात्पर्य, एकाच्या मौनाचा दंड पुढें सर्वांनाच भरावा लागतो.

एवढी तयारी करून आम्ही तिघें त्या गाडीकडे गेलों. राजवाडे यांनीं इतिहासाभ्यासकांस एक शिस्त घालून दिली आहे: बखरीपेक्षां अस्सल कागद अधिक मानावा, कारण बखर मागाहून, कोणास तरी कांहीं पटवण्यासाठीं लिहिलेली असते, आणि कागद हा त्या त्या वेळच्या कामापुरता लिहिलेला असतो. मालकाचें बोलणें ही बखर, असें मीं मनांत ठरवलें.

बखर अशी होती: गाडी घरच्याघरीं वापरलेली, अडतीस हजार किलोमीटर चाललेली, कधीं त्रास नाहीं. आतां साधनें पाहूं. गाडी थंड असूं द्या, असें आम्हीं आदल्या दिवशीं कळवलें होतें; पण बॉनेटवर हात ठेवतांच तें कोमट लागलें. थंड इंजिन सुरू होतांना जें कांहीं उघडें करतें तें झांकण्याचा हा सोपा मार्ग, असें मिस्त्री हळूच म्हणाले. सर्व्हिसिंगच्या वहींत पहिलीं तीन वर्षें नोंदी वेळच्यावेळीं होत्या. शेवटच्या नोंदींत एकतीस हजारांचा आंकडा होता. पुढें तीन वर्षें पानें कोरीं. चारहि टायर नवे होते. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते चारहि गेल्या वर्षींचे निघाले. एवढ्या थोड्या धांवेला चारहि टायर कां बदलावे लागले, याचें उत्तर बखरींत नव्हतें. ब्रेकच्या पायदाण्याचें रबर एका बाजूनें गुळगुळीत झालें होतें.

मिस्त्रींनीं टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सोडवला आणि दोन बोटांनीं शाफ्टचें टोंक धरलें. बाजूला किंचित् हलणें हें स्वाभाविक आहे, कारण तो तेलावर तरंगण्यासाठींच सैल ठेवलेला असतो. पण आंत-बाहेर तो हलतां कामा नये, आणि पात्यांच्या कडा भोंवतालच्या कवचास घांसतां कामा नयेत. येथें दोन्ही दोष दिसले. तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांत तेलाचें डबकें सांपडलें. नुसता ओलसरपणा असता तर कोणी कांहीं म्हटलें नसतें. पांच मिनिटें इंजिन नुसतें चालूं ठेवून एकदम वेग दिला, तेव्हां मागून निळसर धूर निघाला. शेवटीं गाडीच्या संगणकास यंत्र जोडलें. दोषाची एकहि नोंद नव्हती. मात्र गाडी स्वतःच्या ज्या चांचण्या चालतां चालतां पुऱ्या करते, त्या बहुतेक अपुऱ्या होत्या. याचा अर्थ नोंदी नुकत्याच पुसलेल्या असाव्या, असें मिस्त्री म्हणाले. तपास येण्याच्या आदल्या रात्रीं दप्तर जाळल्याचीं उदाहरणें इतिहासाभ्यासकास नवीं नाहींत.

निघतांना मला कायद्यांतील तिसरा दाखला आठवला. मीं मालकांस शांतपणें विचारलें, "टर्बोला कांहीं झालेलें नाहीं, असें आम्हीं समजावें ना?" ते गृहस्थ माझ्याच वयाचे, सभ्य, बहुधा निवृत्तीच्या जवळ आलेले. त्यांनीं भाचीकडे पाहिलें, मग गाडीकडे पाहिलें, आणि कांहीं बोलले नाहींत. आम्ही चहा घेऊन परत आलों.

वाटेंत भाची त्यांच्यावर फार रागावली होती. मी तिला साथ देऊं शकलों नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं मीं माझी जुनी मोटार विकली होती. उन्हाळ्यांत घाट चढतांना तिचें इंजिन तापे, हें मला पक्कें ठाऊक होतें. घेण्यास आलेला तरुण व त्याचे वडील आले ते मार्गशीर्षांतल्या थंड सकाळीं, आणि गांवांतल्या गांवांत चक्कर मारून परतले. "कांहीं त्रास नाहीं ना, सर?" असें त्या मुलानें विचारलें. "सर्व्हिसिंग नेहमीं वेळेवर केलें आहे," असें मीं उत्तर दिलें. उत्तर अक्षरशः खरें होतें. मुलगा बॉनेट उघडूं लागला, तेव्हां वडील म्हणाले, "अरे, सरांची गाडी आहे, पाहायचें काय त्यांत?" मी तेव्हांहि गप्प राहिलों. त्या उन्हाळ्यांत ती गाडी कोणत्या घाटांत थांबली असेल, हें मीं कधीं विचारलें नाहीं. कायद्यानें कदाचित् मला सोडलें असतें. पण दुसऱ्या दाखल्यांतील मुलीच्या जागीं त्या मुलास बसवून पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं, ही गोष्ट सुटत नाहीं. हें सारें मीं भाचीला सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

दीड महिन्यानें तिनें दुसरी एक टर्बो गाडी घेतली. रंग विटलेला, एका दारावर ओरखडा. पण वही भरलेली, तेलाचीं बिलें तारीखवार लावलेलीं, टायर जुने आणि गाडीच्याच वयाचे. कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, विम्याचीं कागदपत्रें, दंडाच्या नोंदी, सारें तिनें आधीं तपासून घेतलें. गाडी थंड असतांना सुरू करून, तिघांना बसवून चढावावर नेऊन पाहिली.

त्यानंतर तिनें आपली जुनी स्कूटर विकण्यास काढली. बघण्यास माणसें येणार होतीं, त्या सकाळीं ती टेबलाशीं बसून कांहींतरी लिहीत होती. मीं डोकावून पाहिलें. वहीच्या एका कागदावर तिनें स्कूटरचे तीन दोष क्रमांक घालून लिहिले होते आणि खालीं सही केली होती. "किंमत कमी येईल," मी म्हणालों. "येऊं दे, मामा," ती म्हणाली, आणि तो कागद तिनें स्कूटरच्या कागदपत्रांत सर्वांत वर ठेवला.